साखर कुणी आणली?

मुलीकडच्यांना होकार द्यायचा असला की ते घरी बोलावतात आणि नकार द्यायचा असला की हॉटेलात भेटतात, हा चिंतामणगुरुजींचा अनुभवाचा सिद्धांत होता. घरी पोहे झाले की पुढं काहीतरी बोलणं होतं. हॉटेलात मात्र मुलीचे वडील चमच्याशी खेळत खेळत विचारतात, "म्हणजे मुलगा फक्त पूजाच सांगतो?" आणि तिथंच विषय संपतो. गुरुजींचा तनय रामकुंडावर पौरोहित्य करायचा. मंत्र खणखणीत, स्वभाव मऊ, निर्व्यसनी. पण भटजी नवरा म्हटलं की मुली मान हलवायच्या, आणि तनयची चौतिशी उलटून गेली होती.

अशात त्याला डेंग्यू झाला आणि इस्पितळातल्या मोहिनी सिस्टरशी त्याचं जमलं. मोहिनी सुरगाण्याकडची, आदिवासी घरातली. तनयच्या आईनं, इंदिराबाईंनी, दोन दिवस देवासमोर बसून काढले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे." गुरुजींनीही मान डोलावली. खरं सांगायचं तर त्यांना जातीपेक्षा नकाराची धास्ती जास्त होती. आणि तनय येऊन सांगतो काय, तर मोहिनीचे आईवडील येतायत, गंगापूर रोडवरच्या मोरोक्कन हॉटेलात जेवायला भेटू. मोरोक्को कुठं आलं हे गुरुजींनी विचारलं नाही. नकार ऐकायला इतक्या लांबच्या देशात कशाला जायचं, एवढंच त्यांना वाटलं.

हॉटेलात खुर्च्याच नव्हत्या. भिंतीलगत गाद्या, पुढ्यात बुटकी गोल टेबलं, वर रंगीत काचांचे कंदील. मोहिनीचे वडील मंगळूभाऊ टोपी मांडीवर ठेवून ताठ बसले होते. आई चिमणाबाई गादीच्या अगदी कडेला, उठून जायच्या तयारीत असल्यासारख्या. नमस्कार झाले. "भात कसा आहे यंदा?" गुरुजींनी विचारलं. "बरा हाय," मंगळूभाऊ म्हणाले. 

तेवढ्यात लाल गोंड्याच्या टोपीतला मिशाळ वेटर पितळी झारी आणि तसराळं घेऊन आला आणि गुरुजींच्या तळहातावर गुलाबाच्या वासाचं पाणी ओतू लागला. तळहातावर पाणी पडलं की गुरुजींचं पुढचं सगळं आपोआप होतं. त्यांनी डोळे मिटले, पाणी ओठांना लावलं आणि रीतसर आचमन केलं. वेटर बघतच राहिला. आता गुरुजींनीच केलं म्हटल्यावर चिमणाबाईंनी केलं, त्यांचं पाहून मंगळूभाऊंनी केलं. इंदिराबाईंना शंका आली होती, पण चारचौघांत नवऱ्याला तोंडघशी कसं पाडायचं, म्हणून त्याही प्यायल्या. "अहो, हात धुवायचं आहे ते," तनय म्हणाला, तोवर सगळ्यांचं पिऊन झालं होतं.

मग जेवण आलं. एकच भलंमोठं मातीचं ताट, त्यावर उंच निमुळतं झाकण. झाकण काढलं तर आत भगरीसारखं काहीतरी मोकळं शिजवलेलं आणि त्यावर भोपळा, गाजर, छोले, मनुका. ताटल्या नव्हत्या. "सगळ्यांनी यातच जेवायचं. आपापल्या समोरचं खायचं," मोहिनी म्हणाली.

मंगळूभाऊंनी पहिला घास घेतला. चिमणाबाईंनी घेतला, इंदिराबाईंनी बिचकत घेतला. गुरुजींचा हात मात्र ताटाच्या काठाशी जाऊन थांबला. उष्टं ते कधी खात नसत. बायकोच्या ताटातलं नाही, पोटच्या पोराच्या ताटातलंही नाही. त्यांनी बोटांनी उगाच दोन मनुका इकडच्या तिकडं केल्या आणि हात मागं घेतला. मंगळूभाऊंनी ते पाहिलं आणि त्यांचंही चावणं थांबलं. झालं, आता उठणार हे लोक, असं गुरुजींच्या मनात आलं. पण तरीही हात काही पुढं जाईना.

ताट उचलायच्या आधीच वेटरनं एक तबक आणून मधोमध ठेवलं आणि तो पुन्हा आत गेला. तबकात खजूर होते आणि जांभळ्या कागदात गुंडाळलेला वीतभर उंच सुळका. गुरुजींनी कागदाचं टोक सोडवून पाहिलं. आत साखर! कागदात बांधलेली, तबकात घालून, फळांसकट! बारशापासून तेराव्यापर्यंत सगळं केलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागतो होय? ही माणसं तर साखरपुड्याच्या तयारीनं आली होती. आणि आपण सगळा वेळ काय समजत होतो! गुरुजींचा जीव भांड्यात पडला, डोळे भरून आले. सकाळच्या पूजेतल्या अक्षता खिशात होत्याच. "वाका रे पोरांनो," ते म्हणाले आणि मंत्र म्हणत त्यांनी दोघांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. मोहिनी तनयकडे बघायला लागली, तनय मोहिनीकडे. चिमणाबाईंनी घाईघाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मंगळूभाऊंनी हात जोडले.

तेवढ्यात वेटर चहाची किटली आणि छोटी हातोडी घेऊन परत आला.

"बाबा, ती साखर द्या जरा इकडं," तनय म्हणाला. "फोडून चहात टाकायची आहे. मोरोक्कोत असा सुळकाच वापरतात."

 गुरुजींनी विचारलं, "म्हणजे... साखर तुम्ही नाही आणलीत?"

"आमी कुठून आणू?" मंगळूभाऊ म्हणाले. "आमाला वाटलं तुमी आणली. हे हाटेल बी तुमीच ठरवलं ना? घरात घ्यायचं नसंल, म्हनून."

"छे हो! मला वाटलं तुम्ही ठरवलंत. नकार द्यायला."

"आम्ही ठरवलं," तनय हळूच म्हणाला. "तुमच्याकडं गेलो असतो तर हे अवघडले असते, यांच्याकडं गेलो असतो तर तुम्ही. इथं सगळेच अवघडतील, म्हटलं."

मंगळूभाऊंनी टोपी डोक्यावर ठेवली. "साखरेचं ऱ्हाऊ द्या, गुर्जी. तुमी जेवले नाय. मी बघत होतो."

"मी हिच्याही ताटातलं खात नाही हो. सवय आहे माझी."

"खरंच, दादा," इंदिराबाई कळवळून म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून पाहतेय मी."

"आसंल. मंग माझी लेक तुमच्या घरात कुठं जेवंल?"

"कुठं म्हणजे? आमच्या पंगतीत. माझ्या शेजारी."

"मंग आज काय झालं?"

 गुरुजींचा हात सवयीनं थांबला होता हे खरंच होतं. पण समोर दुसरी माणसं असती, एखादे वेदशास्त्रसंपन्न व्याही असते, तर निदान एक घास रेटला असता का? रेटलाही असता कदाचित. मग आज का नाही? त्यांना स्वतःलाच सांगता येईना, आणि सांगता येत नाही याची त्यांना मनापासून लाज वाटली. मोहिनी खाली मान घालून केसांतल्या अक्षता वेचत होती.

गुरुजी गुडघ्यांवर पुढं सरकले. आपल्या समोरचं सोडून त्यांनी ताटावरून हात लांबवला आणि मंगळूभाऊंनी अर्धवट टाकलेल्या भागातला घास उचलून तोंडात घातला. मग आणखी एक घेतला.

"गार झालंय ओ ते," चिमणाबाई पुटपुटल्या.

 मंगळूभाऊंनी आपल्या समोरची भोपळ्याची फोड दोन बोटांनी मोडली आणि अर्धी गुरुजींच्या पुढ्यात सरकवली.

"हे खाऊन बघा," ते म्हणाले. "ह्ये लय मऊ हाय."

गुरुजींनी तेही खाल्लं.