भुऱ्याच्या मानेचा पट्टा

मी एक जुना चामडी पट्टा आहे. मित्रांनो, आता मी खुंटीवर असतो, पण माझी खरी जागा भुऱ्या कुत्र्याची मान.

राळेगावच्या बाजारात एका मोच्याने बैलाची घुंगरमाळ करून उरलेल्या कातड्याचा मला शिवला. रुंद, जाड, दुहेरी टाक्यांचा. भुऱ्याच्या मालकाने, रामरावांनी, मला त्याच्या मानेत बांधलं. आधी तो मागच्या पायाने मला ओरबाडून काढू पाहायचा. मग आमचं जमलं.

सोयाबीनच्या राखणीला आम्ही सोबत जायचो. एकदा शेजारच्या गावच्या कुत्र्यांनी भुऱ्याला घेरलं. एकाने मानच धरली, पण दात माझ्यात रुतले आणि भुऱ्या सुटला. रामराव येणाऱ्याजाणाऱ्याला ते व्रण दाखवायचे. मी भाव खायचो, खोटं कशाला बोलू!

यंदा त्यांची लेक सलोनी पुण्याला बाळंत झाली. रामराव आणि त्यांच्या पत्नी भागीरथाबाई तिकडे निघाल्यावर भुऱ्याला यवतमाळला अमरकडे ठेवायचं ठरलं. अमर पैसे घेऊन लोकांची कुत्री सांभाळतो. निघताना भागीरथाबाईंनी मला भुऱ्याच्या मानेतून सोडून घेतलं. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. दावं घरी राहिलं की बरकत घरी राहते, अशी समजूत.

“भुऱ्या काय इकला हाय? पट्टा घरी राह्यला का त्याचा जीवही घराकडंच राह्यन,” त्या म्हणाल्या.

माया होती ती. तिच्यापायीच त्याची मान उघडी पडली.

पुण्याहून परतल्यावर मला पिशवीत घालून दोघं अमरकडे गेले. भुऱ्या कोपऱ्यात बसला होता, मानेला रक्ताने भिजलेला दुपट्टा. त्याच सकाळी अमरने सगळी कुत्री मोकळी सोडून एकाच जागी खायला घातलं होतं. भाकरीवरून जुंपली आणि एकाने भुऱ्याची मान फाडली. नेमकी माझी जागा. डॉक्टरांनी बघून सांगितलं होतं, आजच टाके घालावे लागतील. पण खर्च कोणी करायचा ते ठरलं नव्हतं, म्हणून अमर या दोघांची वाट बघत थांबला होता.

“खर्च तुलेच द्या लागन. तुह्या भरोशावर ठेवला व्हता,” रामराव म्हणाले.

“अन् पट्टा काहून काढला काका? बाकीचे कुत्रे म्या पट्टा धरून वढले. याले धराले मानीत काहीच नव्हतं.”

“पट्ट्याचं मले नोको सांगू. समद्याइले एका जागी खायले कायले घातलं?”

“आंधी दवाखान्यात चला ना! पैशाचं मंग पाहू,” भागीरथाबाई रडकुंडीला आल्या.

त्यांचं कोणी ऐकलं नाही. रामराव हट्टाने भुऱ्याला घरी घेऊन आले आणि जखमेत हळद भरली. अमर आपणहून पैसे घेऊन येईल, म्हणून ते थांबले. काकांचा फोन येईल, म्हणून अमर थांबला. जखम मात्र कोणासाठी थांबली नाही. आधी पू झाला, मग अळ्या पडल्या. खुंटीवर मला त्याचं कण्हणं ऐकू यायचं. फार वाईट दिवस होते ते.

भुऱ्याने खाणं सोडलं, तेव्हा रामरावांनीच अमरला फोन केला. दवाखान्यात दोघांनी निम्मे-निम्मे पैसे भरले. घासाघीससुद्धा झाली नाही.

“त्याच दिवशी आणला असता तर थोड्या टाक्यांवर भागलं असतं,” सडलेलं मांस काढून डॉक्टर म्हणाले. “आता या मानेत कधी काही बांधू नका.”

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याची मान वाकडी झाली.

मित्रांनो, मुकं जनावर कोणाच्या हवाली कराल, तर दुखल्याखुपल्याचा खर्च कोण करणार ते आधीच बोलून घ्या. बोलायचं राहिलं असेल, तर पहिल्यांदा दवाखाना गाठा. भांडण उद्याही करता येतं.

राखणीला जायची वेळ झाली की भुऱ्या अजून माझ्याखाली येऊन उभा राहतो. वाकडी मान जमेल तितकी वर करतो आणि वाट बघतो.

“नाई रे बापा,” भागीरथाबाई म्हणतात. तरी तो तिथून हलत नाही.