पाहुणा बरा आहे

"आरं आरं, तलवार कशाला काढली? त्याला मारू नको!"

बन्सीनानांचं वाक्य पुरं व्हायच्या आत पंकजनं बटण दाबलं होतं. संगणकाच्या पडद्यावर खेळातल्या हरिदासनं एक वार केला आणि तळघरातला तो भला थोरला उंदीर उलटा झाला. चारी पाय वर.

"झालं ना काम," पंकज हसत म्हणाला. "केवढा माजला हुता! घरात असला उंदीर कशाला ठिवायचा, नाना?"

नाना पडद्यावरच्या त्या चार पायांकडं बघत राहिले.

आज पंकजच्या आईचं, रंगुबाईचं वर्षश्राद्ध. पंकज सकाळीच पुण्याहून नेवाशाला आला होता. पिंड झाले, कावळा शिवला, चार माणसं जेवून गेली. चारच्या एसटीला वेळ होता म्हणून नानांनीच हौसेनं संगणक लावला. "बस माझ्यापाशी. वरीस झालं, आपून दोघं संगं कदी खेळलोच न्हाई."

खरं तर हा खेळ पंकजनंच लावून दिलेला. आईचं तेरावं उरकून पुण्याला निघताना बाप एकटा पडेल म्हणून जुना संगणक ओट्यालगतच्या खोलीत मांडला आणि म्हणाला, "नाना, ह्यात एक माणूस हाय. त्याला आपून दोघांनी मोठा करायचा. तुमी हितून, मी तिकडून." राक्षस, गुहा, जादूटोणा असला सगळा मामला. नानांनी त्या माणसाचं नाव ठेवलं हरिदास.

नानांनी बत्तीस वर्षं हायस्कुलात शिपाई म्हणून घंटा वाजवली. एक टोला कमी नाही, एक जास्त नाही. आणि देवळात कीर्तन असलं की टाळकऱ्यांच्या रांगेत डावीकडून तिसरी जागा त्यांची. बुवा कुठलेही असोत, नानांचा टाळ कधी मागं पडला नाही. अशा माणसाला त्या खेळाची गोम कळायला वेळ लागला नाही. हरिदास लेव्हल चढायचा तो झोपल्यावर. पण नुसता झोपवला तर अंगात काही भरत नसे. ढालीचा सराव दहा वेळा वाढला आणि मग झोपला, तर त्याच्या दमाला पाच गुण. नऊ वेळा वाढला तर चारच. तलवारीचा दहा वेळा, तर ताकदीला पाच. नशीब तेवढं वेगळं. त्याला सरावच नव्हता. किती का राबा, एका वेळी एकच गुण. उतावळेपणानं लेव्हल चढवली तर राक्षस मोठे होत आणि हरिदास राही किरकोळ.

"म्हंजी बुवा व्हायच्या आदी धा वरसं टाळ कुटायचा," नाना फोनवर म्हणाले होते. "दम आदी, ताकद मागनं."

मग ठरलं. आठवडाभर नाना सराव करतील. रविवारी पंकज पुण्याहून तोच हरिदास उघडून एखादी गुहा मारील, त्याला झोपवील आणि सोमवारी कळवील. नानांनी वही घातली. सराव वाढला की एक फुली. एकादशीला हरिदासच्या हातून जीवहत्या नको, म्हणून त्या दिवशी तलवार म्यानात आणि नुसती ढाल हातात. तेवढ्यासाठीच आठ महिन्यांपूर्वी तळघरातला एक उंदीर मारायचा राहिला. तो चावे घ्यायचा, हरिदास ढालीवर झेलायचा. रोज तासभर. पुढं नाना त्याला पाहुणा म्हणू लागले आणि फुल्यांच्या हिशेबाबरोबर पंकजला निरोपात लिहूनही टाकलं, पाहुण्याला मारू नको. पाहुणा होता म्हणून ढालीच्या फुल्या भरत होत्या.

आणि सोमवारी सकाळी सातला निरोप यायचा. "नाना, हरिदास तेवीसला गेला. दम पाच, ताकद पाच, नशीब एक. पाहुणा बरा आहे. रामकृष्णहरी." वर एक वाकडा बाण असे. नानांना वाटे, पोराच्या फोनची तऱ्हा असेल. ज्या पोरानं उभ्या जन्मात कपाळाला बुक्का लावून घेतला नाही, ते आता दर सोमवारी रामकृष्णहरी लिहितं! नाना तो निरोप देवळात चार जणांना वाचून दाखवत. "पोरगं वळनावर आलं बरं का."

आता पंकज उंदराच्या अंगावरून हरिदासला पुढं नेत होता.

"पाहुन्याला मारलंस तू," नाना म्हणाले.

"कोन पाहुना?"

नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला.

"तूच लिवतोस की दर सोमवारी. पाहुना बरा हाय म्हनून."

पंकजचा हात बटणांवरून खाली आला. आधी तो हसायला गेला, ते जमलं नाही.

"नाना... आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू. पयले दोन म्हयने मीच खेळलो. मग कामाचं असं झालं, की रविवार बी आपला राहीना. रूमवर ओम म्हनून पोरगा हाय. त्याला म्हनलं, तू खेळत जा. तोच लिवून पाठवायचा, मी तुमाला पुढं ढकलायचो. तुमचा निरोप आला की तसाच त्याला."

"वाचून?"

पंकज खिशातला फोन चाचपू लागला.

"रामकृष्णहरी बी त्याचंच?"

"त्याचंच."

कीर्तनात देहभान विसरून टाळ धरावा आणि शेवटी कळावं, की पुढं बुवा उभेच नव्हते, पडद्याआड नुसती टेप लावली होती, तसं नानांना झालं. त्यांना त्या दहा महिन्यांतला एकेक सोमवार आठवला. देवळात कुणाकुणाला वाचून दाखवलं, ती तोंडं आठवली.

"तुमी खूश हुता म्हनून बोललो न्हाई," पंकज म्हणाला. "हितून पुढं मी सोता खेळतो. आईची शपथ."

"आज तिचं नाव घिऊ नको." नाना आवाज न चढवता म्हणाले. "येळ न्हाई तर न्हाई. त्यात काय हाय? सांगायचं हुतं." मग, "त्या पोराचं गाव कंचं?"

"पारनेरकडचं असंल. मी कदी इचारलं न्हाई."

नानांनी त्याच्या पिशवीत श्राद्धाचे चार वडे बांधून घातले. स्टँडवर सोडायला गेले. एसटी हलली तेव्हा हातही हलवला.

घरी येऊन वही उघडली. तलवारीच्या दहा फुल्या केव्हाच झाल्या होत्या. ढालीच्या नऊ. दहावी आता कुणाच्या चाव्यावर भरायची? नाना बराच वेळ तळघरातल्या त्या उताण्या उंदरापाशी हरिदासला उभा करून बसले. मग त्याला खाटेपाशी नेलं आणि वर्षात पहिल्यांदा आपल्या हातानं झोपवलं. ताकद पाच. दम चार. नशीब एक.

रविवारी त्यांनी संगणक लावला नाही.

सोमवारी सकाळी नाना काकड्याहून येऊन चहा टाकत होते. बरोबर सातला फोन वाजला. पंकजचा निरोप.

"नाना, मी उघडला तेव्हा हरिदास आधीच झोपून उठला होता. दम चारच मिळालाय, एक फुली राहिली का? आणि पाहुणा मेलेला दिसतोय. माझ्या हातून काही चुकलं का? वाईट वाटलं. रामकृष्णहरी."

वरती तोच वाकडा बाण, पुढं ढकललेल्या निरोपाचा.

नानांनी चहा उतरवला, गॅस बंद केला. दारातल्या उजेडात बसून एका बोटानं एकेक अक्षर शोधत लिहिलं :

"पाहुणा गेला. चूक तुझी नाही, ओमबाळा. जेवत जा वेळेवर. रामकृष्णहरी."

पंकजच्याच नंबरावर पाठवलं. तो वाचणार नाही, तसंच पुढं ढकलील, याची आता त्यांना खात्री होती.