पिवळा ठिपका

दादाने इंजिनाच्या पुढच्या नटावर पाना चढवला, दोन्ही पाय जमिनीत रोवले आणि सगळं अंग त्याच्यावर टाकलं. नट तसूभर हलला नाही. त्याने पाना काढून परत लावला, परत जोर केला. मग बोनेटमधून डोकं बाहेर काढून, पोराचा पहिला नंबर आल्याचं सांगावं तशा तोंडाने तो म्हणाला,

“जाम आहे. ठार जाम!”

गाडीच्या मालकाचा चेहरा पडला. दोनच माणसांची, लांब नाकाची, कधीकाळी लाल असलेली ती जुनी स्पोर्ट्स कार. गेली कित्येक वर्षं त्याची बायको तिच्यावर उशा वाळत घालत होती.

“इंजिनकाम काढावं लागेल. आधीच सांगतो, मागाहून बोलणं नको,” मालक म्हणाला.

“अहो, तेच तर घ्यायला आलोय आम्ही,” दादा म्हणाला.

बारक्याने कपाळाला हात लावला. आवडली तरी नाक मुरडायचं, असं त्याने दादाला घरून निघतानाच बजावलं होतं. बारक्या म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. वयाची पन्नाशी उलटली होती, स्वतःचं चष्म्याचं दुकान होतं, डोक्यावर औषधालाही केस उरला नव्हता. पण दादासाठी तो अजून बारक्याच. आधी दाखवलेल्या दोन चालू गाड्यांकडे दादाने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. चालतेय ना, मग मी काय करू तिचं, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे बारक्याने घासाघीस केलीच नाही.

दादाने उभा जन्म इंजिनं खोलण्या-बांधण्यात घालवला होता. मग एका गिऱ्हाइकाच्या गाडीत तेल भरायचं राहिलं. दुसऱ्या एकाचं चाक भर रस्त्यात निघून पुढे धावलं. दादाने गॅरेज बंद केलं आणि कंबर धरते असं लोकांना सांगितलं. डॉक्टरांनी कंबरेला हातही न लावता आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, पुढच्या तपासण्यांना बोलावलं. घरी आल्यावर दादा संतापला होता.

“मला घड्याळाचं चित्र काढायला सांगतो! बालवाडी आहे काय? त्याला म्हणावं, एक इंजिन बांधून दाखव.”

त्यानंतर ना तो दवाखान्यात गेला, ना गोळी तोंडात घातली. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसून राहायचा. शेवटी वहिनीच बारक्याच्या दुकानात आली. “भावजी, ह्यांच्या हाताला काहीतरी द्या हो. माणूस बसल्या जागी विरघळतोय.” हात चालले तर डोकंही चालेल, अशी बारक्याने स्वतःची समजूत घातली आणि गाडी शोधायला लागला.

आणि खरंच, गाडी आली तसा दादा खुर्चीतून उठला. जाम झालेलं इंजिन त्याने गोंजारत, शिव्या घालत, तेल पाजत सोडवलं. पिस्टन निघाले तेव्हा घराशेजारच्या शेडमधून त्याची शीळ ऐकू आली. वहिनी स्वयंपाकघरात थबकून ऐकत राहिली आणि कढईत काहीतरी करपलं. खोलताना दादा एकदाही अडला नाही. दुकान बंद करून बारक्या आला, की दादा त्याला रिंगा कुठे झिजल्यात ते बोटाने चाचपायला लावायचा आणि म्हणायचा, “डोळ्यांचा धंदा तुझा, पण बघायचं असतं बोटांनी.” बारक्याला लहानपण परत मिळाल्यासारखं झालं. डॉक्टर चुकला, असं तो बायकोला सांगूनही बसला.

घोडं पेंड खाऊ लागलं ते बांधताना.

दादाच्या गॅरेजची एक रीत होती. नट शेवटपर्यंत आवळला, की त्यावर लगेच पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका असेल तर शंका घ्यायची नाही, नसेल तर विश्वास ठेवायचा नाही. आता दादा नट आवळायचा, कुंचला घ्यायला वळायचा आणि परत फिरेपर्यंत कोणता आवळला ते निसटून जायचं. ठिपका नाही, म्हणजे विश्वास नाही. म्हणून तो सगळे नट सोडवून पहिल्यापासून सुरू करायचा. संध्याकाळी अर्धं बांधलेलं इंजिन सकाळी परत उघडं.

“बारक्या, काल आतले आवळले होते का रे मी?”

“आवळले होतेस.”

“तू पाहिलंस?”

बारक्या दिवसभर दुकानात असायचा. त्याने काय पाहिलं असणार? मग दादा पाना उचलायचा. शीळ बंद झाली. एकदा बारक्या आला तेव्हा दादा दोन्ही तळहातांत एकच नट धरून बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. बारक्या दारातूनच मागे फिरला. हे बघणं त्याच्याच्याने होईना.

दुसऱ्या दिवशी त्याने काडीला गाठलं. काडी हा दादाचा सर्वांत जुना चेला. आला तेव्हा काडीसारखा होता म्हणून काडी. आता स्वतःचं गॅरेज आणि स्वतःचं भरघोस पोट बाळगून होता.

“उस्तादांना न विचारता? त्यांच्या इंजिनाला? नाही भाऊ, हात झडतील माझे.”

“त्यांचं इंजिन बांधून झालं नाही तर ते उठायचे नाहीत, काडी. एकदा सुरू झालं, की पुढचं ते करतील.”

काडी बराच वेळ पोट खाजवत राहिला. रविवारी वहिनी दादाला घेऊन बहिणीकडे गेली, तेव्हा तो मागच्या दाराने आला. संध्याकाळपर्यंत इंजिन बांधून झालं. जाताना त्याने विचारलं, “उस्तादांनी विचारलं तर?”

“तू आलाच नव्हतास. काही झालं तरी.”

काडीने पान्यावर हात ठेवून शपथ घेतली.

सोमवारी सकाळी दादा शेडमध्ये गेला तेव्हा बारक्या मुद्दाम हजर होता. दादाने इंजिनावरचं कापड बाजूला केलं. इंजिन पूर्ण बांधलेलं. वरच्या प्रत्येक नटावर पिवळा ठिपका, अगदी रिवाजाप्रमाणे.

दादाने एका ठिपक्यावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर.

“हे कधी केलं मी?”

“परवा,” बारक्या आनंदाने म्हणाला. “विसरलास? फक्कड झालंय!”

दादा हसेल, अशी त्याची अपेक्षा होती. दादाने शेजारचं स्टूल हाताने चाचपलं आणि तो हळूच त्याच्यावर बसला.

“आख्खं इंजिन,” तो म्हणाला. “नट विसरतो, ते माहितीय मला. पण आख्खं इंजिन रे?”

दादाला इतकं घाबरलेलं बारक्याने जन्मात पाहिलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“दादा, खोटं बोललो मी. तू नाही केलंस. काडी आला होता. मी बोलावलं त्याला.”

दादाने त्याच्याकडे मायेने पाहिलं. “काडी मला विचारल्याशिवाय माझ्या इंजिनाला शिवायचा नाही. समजूत नको काढू.”

“फोन लाव त्याला. आत्ता लाव.”

दादाने लावला. त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. काडीचा आवाज शेडभर घुमला. “नाही हो उस्ताद! मी कशाला येईन?”

“काडी, खरं सांग रे!” बारक्या ओरडला. “मी सांगतोय, खरं सांग!”

काडी जास्तच ठासून म्हणाला, “आईशप्पथ भाऊ! पायरीसुद्धा चढलो नाही.”

दादाने फोन खिशात ठेवला. हात पुसले, बोटं एकेक करून, आणि बारक्याच्या खांद्यावर थोपटलं. बारक्याचं खरं बोलून झालं होतं, खोटंही बोलून झालं होतं.

“अगं,” दादाने घराकडे पाहत हाक मारली, “त्या डॉक्टरकडे कधी जायचंय म्हणाली होतीस? जाऊ या. आणि त्या गोळ्या कुठे ठेवल्यास?”

वहिनी ओल्या हातांनी धावतच बाहेर आली. दादा आत गेल्यावर ती बारक्याजवळ थांबली. तिचे डोळे भरून आले होते.

“एवढे दिवस मी डोकं फोडलं, भावजी,” ती म्हणाली. “शेवटी तुमचंच ऐकलं हो त्यांनी.”