माणसांनंतरचा दिवाणखाना

सासूबाईंनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. निवृत्तीनंतर पहिल्यांदा स्वतःचं चित्र काढायला घेतलं, तेही आमच्याच दिवाणखान्याचं. फक्त त्यातली माणसं संपून जमाना लोटलेला. फरशीवर माती, सोफ्यातून उगवून छत फोडून गेलेलं झाड, टीव्हीत मासे, सासूबाईंच्या चपलेत बेडूक!

रंगवायची तऱ्हाही न्यारी. पुढे झाकलं जाणार तेही आधी पूर्ण काढायचं. सोफ्याच्या स्प्रिंगा काढल्या, मग त्यांवर कापड चढवलं. आतलं काम कच्चं राहिलं की पाटीला गंज आतूनच येतो, म्हणे.

"माझी खुर्ची बघ," नवरा खुशीत म्हणाला. खुर्चीत हरीण बसलं होतं. "माझ्यापेक्षा शोभतंय."

ते खरंच होतं.

चित्राला नाक लावून मी मात्र माझं काहीतरी शोधत होते. नणंदेची सायकल वेलींनी गिळलेली दिसली. ती सासरी जाऊन युगं लोटली, तरी सायकल आहे! आणि दिवसभर या घरात राबणाऱ्या माझी साधी पिनसुद्धा नाही? राग आला, त्याहून जास्त वाईट वाटलं.

शेवटी राहवलं नाही. "आई, सगळ्यांचं काही ना काही उरलंय. माझं काय?"

"आहे की. शोध."

पुन्हा शोधलं. माशांच्या मागे, बेडकाच्या खाली. मग झाडाच्या पानांपाशी थबकले. ही पानं ओळखीची होती. कान तुटलेल्या निळ्या कपात मी संत्र्याची बी लावली होती, तेव्हा "घरात मातीचा पसारा नको" म्हणून याच बाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. पुढे कप दिसेनासा झाला. फेकला असणार, असं मी धरून चालले होते.

"आई, हे संत्र्याचं झाड आहे?"

त्यांनी फडकं घेतलं आणि बुंध्याखालची ओली, तपकिरी माती पुसली. खाली मुळांचं जाळं होतं, आणि त्या मुळांनी घट्ट आवळून धरलेला निळा कप. कान नसलेला.

"फेकला नव्हतात?"

"माझ्या खिडकीत आहे. बघितल्याशिवाय कसा काढणार? चार पानं आलीत त्याला."

माझे डोळे भरून आले. त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. ब्रश मातीच्या रंगात बुडवून माझ्या हातात दिला.

"घाल पुन्हा माती. मुळं उघडी ठेवू नयेत."