तेवीस तासांची वाट

टेलरबाईंची लेक सात वर्षांपूर्वी परदेशी गेली आणि कागदपत्रांच्या घोळात तिथेच अडकली. तो देश सोडला, की परतीचं दार बंद. तिकडेच लग्न झालं, मुलगी झाली, ती दोन वर्षांची झाली. आजीने तिला फोनवरच पाहिलेलं. इकडे बाईंच्या दोन्ही किडन्या निकामी. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस.

एकदा सुई टोचता टोचता सिस्टर म्हणाली, "मावशी, तुमच्यासारखे लोकही प्रवास करतात हो. तिकडच्या हॉस्पिटलात आधी जागा धरायची, झालं!"

बाईंनी तडक तिकिटांचं दुकान गाठलं. "किती लांब आहे हो?"

"बारा हजार किलोमीटर. मध्ये एकदा विमान बदलायचं. तेवीस तास धरा."

किलोमीटर बाईंच्या डोक्यावरून गेले, तास मात्र पक्के कळले. आयुष्यभर कापड बेतलेलं. शुक्रवारी दुपारी मशीनवरून उठायचं, संध्याकाळी विमान, सोमवारी तिकडची मशीन. घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, बसतंय! वर चिंधीभर उरतंय."

लेकीने तिकडे जागा धरली, पलंगही आणला. राहिली फक्त डॉक्टरांची सही.

डॉक्टरांनी हृदयाची तपासणी केली आणि पेन खाली ठेवलं. "बाई, तुमचं हृदय पाव ताकदीवर चाललंय. वर हवा विरळ. मध्येच छातीत पाणी भरलं तर विमान कुठे उतरवणार?"

"मग अर्ध्या वाटेपर्यंत तरी? लेक तिथे येईल."

बोलताना त्यांनाच आठवलं, की लेक येऊ शकत नाही. त्या उठल्या. नवरा अजून डॉक्टरांकडे बघत बसला होता. "चला," त्या म्हणाल्या, "त्यांचे पेशंट खोळंबलेत."

लेकीला काय सांगायचं, याची जुळवाजुळव त्यांनी दोन दिवस केली. शेवटी फोनवर एवढंच निघालं, "चिमे, मला नाही गं जमणार."

लेक म्हणाली, "बरं. पण फोन ठेवू नकोस, आई." दोघी नुसत्याच बसून राहिल्या. नात पडद्यावर येऊन बोट लावून गेली.

त्यानंतर चौथ्या महिन्यात, एका बुधवारी, बाई मशीनवरच गेल्या. शेजाऱ्याने फोन धरला आणि लेकीने अंत्यसंस्कार त्यावरच पाहिले. मध्येच आवाज तुटला आणि त्याला तो परत जोडता येईना.

लेकीचे कागद झाले ते वर्षभराने. ती तेवीस तासांचा प्रवास करून मुलीला घेऊन आली. विमानतळावर म्हाताऱ्याने नातीकडे हात पसरले, तशी ती अनोळखी माणसाला भिऊन आईच्या मागे लपली.

"राहू दे," तो म्हणाला आणि बॅग उचलायला वाकला.