कापलेली टोकं

"आई, प्रत्येक व्हिडिओची सुरुवात आणि शेवट थोडा थोडा कापून टाक. तिथे काही नसतं, नुसता कॅमेरा हलत असतो," मुलगी फोनवर म्हणाली.

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढल्यावर ऐकलेलं टिपून घ्यायची सवय अंगात मुरली होती. कात्रीचं चित्र म्हणजे तुकडे करणं. उलटा बाण म्हणजे चुकलेलं परत घेणं. या बाणापुढे 'हा जन्मभर कुठे होता?' असंही लिहिलेलं होतं.

अडुसष्टाव्या वर्षी कॉम्प्युटरवर व्हिडिओ जोडायला शिकणं म्हणजे काही खायचं काम नव्हे. पण नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं आणि रविवारी सगळं घर जमणार होतं. नवऱ्याने हौसेने काढलेल्या व्हिडिओंची एक सलग फिल्म त्या दिवशी दाखवणार, असं बाईंनी जाहीर करून टाकलं होतं. मग माघार कसली!

तीन दिवस त्या मान मोडून बसल्या. एक्केचाळीस व्हिडिओ दोन्हीकडून नीट कापले. अंधारलेली चित्रं उजळली, पंख्याची घरघर कमी केली. शनिवारी दुपारी मुलगी आली, तेव्हा दोघींनी फिल्म पाहिली.

"कमाल आहेस तू. मला नसतं जमलं." मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली, "बाबा मात्र कुठेच नाहीत गं."

"ते कसे असणार? कॅमेरा कायम त्यांच्याच हातात."

बाई बोलून गेल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. चित्रात ते कधीच नव्हते. पण बटण दाबलं की "हं, चालू" म्हणायचे आणि शेवटी "झालं". नेमकी तीच टोकं त्यांनी एक्केचाळीस वेळा उडवली होती. जिने जन्मभर परक्यांचे आवाज एकमेकांना जोडून दिले, तिने घरचाच आवाज तोडला होता.

त्यांनी उलटा बाण दाबला. तो आजचं तेवढं परत द्यायला तयार होता. कालपरवाचं साफ विसरला होता.

"मी बघू का?" मुलगी म्हणाली.

"थांब." बाई वही उलटू लागल्या. चौथ्या पानावर, न समजता लिहिलेली एक ओळ सापडली: 'टोक धरून ओढलं की कापलेलं परत येतं.' त्यांनी पहिल्या व्हिडिओची कड धरली आणि हलकेच ओढली.

"हं, चालू," तिशीतला आवाज म्हणाला. मुलीने तोंडावर हात ठेवला.

ब्याऐंशी टोकं बाईंनी एकटीने ओढली, मुलीला हात लावू दिला नाही. पुढे पुढे आवाज खरखरीत होत गेला, मध्येच खोकला येऊ लागला.

"शेवटचा फारच हलतोय गं. चित्र स्थिर करायचं बटण आहे, दाबू?"

"नको. त्यांचा हात आहे तो."

रविवारी चौदा माणसं दाटीवाटीने बसली. दर थोड्या वेळाने तो आवाज यायचा आणि कोणीतरी नाक पुसायचं. शेवटचं चित्र थरथरलं, "झालं" ऐकू आलं आणि पडदा काळा पडला. बाईंचा हात सवयीने कानाकडे गेला, पूर्वी लाइन अजून चालू आहे का हे ऐकायला जायचा तसा.