लाकडी डोक्यातलं रक्त

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. टोप्यांच्या दुकानावरचं एक गोदाम. भिंतीला फळ्या, आणि फळ्यांवर टोप्या चढवून ठेवायची लाकडी डोकी ओळीने मांडलेली. ना नाक, ना डोळे, नुसती गुळगुळीत टकलं. त्यांच्यासमोर जमिनीवर दाटीवाटीने बसलेली शंभरएक जिवंत डोकी. त्या सकाळी दोन्ही प्रकारच्या डोक्यांत फारसा फरक नव्हता, एवढं आधीच सांगून ठेवतो.

मधोमध वाटीबाबा बसले होते. समोर दिवा, बाजूला तांब्याच्या सात वाट्या पालथ्या मांडलेल्या. बाबांची सगळी विद्या त्या वाट्यांत होती, आणि हे वाक्य मी अगदी शब्दशः लिहितो आहे. माणूस पुढे आला की बाबा एक वाटी उचलायचे, दिव्यावर धरायचे, काहीतरी पुटपुटत वीस मोजायचे आणि ती त्याच्या कपाळावर पालथी घालायचे. वाटी जळवेसारखी चिकटायची. थोड्या वेळाने ती ओढून काढली की कपाळावर काळपट लाल रक्ताची गाठ. लोक हात जोडायचे. बाबा म्हणायचे, "डॉक्टर डोकं फोडतो, मी डोकं सोडवतो. ना चिरा, ना टाका!" शिवाय इलाज फुकट. फक्त वाटी पुन्हा शुद्ध करायचं तेल विकत घ्यायचं, आणि ते तेल अत्तरापेक्षा महाग.

या गर्दीत एक अकरा वर्षांची मुलगी चाकांच्या खुर्चीचा दांडा घट्ट धरून उभी होती. घरात तिला चिमटी म्हणत, कारण आजोबा घड्याळं दुरुस्त करायला बसले की चिमटा पुढे करायचं काम तिचं. खुर्चीत आजोबाच होते. उजवा हात लुळा, तोंड वाकडं, शब्द फुटत नव्हता.

झालं असं होतं. पहाटे चहाचा कप आजोबांच्या हातातून गळून पडला आणि पाठोपाठ तेही कलंडले. इस्पितळात डोक्याचं स्कॅन निघालं. डॉक्टरीणबाईंनी ते काकांना दाखवलं. मेंदूत रक्तवाहिनी फुटून लिंबाएवढी गाठ साचली होती. कवटीला छोटं भोक पाडून, बोटाएवढी नळी आत घालून ती गाठ ओढून काढता येईल, पण आजच, आणि जितकं लवकर तितकं बरं, असं त्या म्हणाल्या. काकांनी खर्च विचारला. आकडा ऐकून ते खुर्चीतच खचले.

हे काका म्हणजे टोप्यांच्या दुकानाचे मालक. वरचं गोदाम त्यांनीच बाबांना भाड्याने दिलेलं. भाडेकरू वेळेवर भाडं देतो म्हणजे सत्पुरुषच असणार, असा त्यांचा सरळ हिशेब. डॉक्टरीणबाई नको नको म्हणत असताना त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर सही केली आणि आजोबांना इथे आणलं. "तासाभराचा तर प्रश्न आहे," ते चिमटीला म्हणाले होते. "गुण आला तर भोक पाडायला नको. नाही आला तर इस्पितळ काय पळून जातंय?"

इस्पितळ पळत नव्हतं, वेळ पळत होता. चिमटीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तास केव्हाच उलटून गेला होता.

आता आजोबांची एक सवय सांगतो. दुरुस्तीला घड्याळ आलं की ते गिऱ्हाइकाच्या देखत उघडायचे, डोळ्याला लावायचं भिंग त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आधी आत बघा, मग मी हात लावतो." चिमटीने एकदा कंटाळून कारण विचारलं. आजोबा म्हणाले, "आधी बघितलं नाही, तर नंतर आत जे सापडेल ते आधीपासून होतं की मी घातलं, हे कोण सांगणार?"

चिमटी मघापासून तीन इलाज बघत होती. वाटी उचलण्यापासून कपाळावर ठेवण्यापर्यंत वाटीचं तोंड एकदाही लोकांकडे वळत नव्हतं. तिने खिशातलं आजोबांचं भिंग आणि चिमटा चाचपला आणि बाबांचं आजोबांकडे लक्ष जाताच विचारलं, "बाबा, लावायच्या आधी वाटीत बघू?"

"वाटीत बघणाऱ्याचे डोळे जातात, बाळ," बाबा गोड आवाजात म्हणाले.

मागून एक बाई खेकसल्या, "अगं, मोठ्यांत काय लुडबुड करतेस? आजोबा बरे व्हायला नकोत का तुला?"

हे मात्र तिला झोंबलं. आजोबा बरे व्हायला हवे होते म्हणूनच तर ती विचारत होती. बाबांचा चेला आजोबांचं डोकं पुसायला वळला, बाबा तेलाची बाटली दाखवायला वळले, आणि चिमटीने एक वाटी उचलली. दिव्यावर धरली. वीस मोजले. फळीवरचं सगळ्यात जवळचं लाकडी डोकं ओढून त्याच्या टकलावर ती पालथी दाबली, आणि काढली.

लाकडी कपाळावरून काळपट लाल गाठ हळूहळू घरंगळली.

मग दुकानातला म्हातारा शिंपी जिन्यावरून म्हणाला, "मालक, या बिचाऱ्याला झटका कधी आला? आपण रोज त्याला टोपी घालत होतो."

हसण्याचा असा लोट उठला की फळीवरची बाकीची डोकीही हलली. बाबा मात्र कसलेले. लाकडातही प्राण असतो, झाडाचं जुनं दुःख बाहेर आलं, असं काहीतरी त्यांनी सुरू केलं. चिमटीने तोवर दुसरी वाटी उचलली होती. तिने भिंग लावून तळाशी चिमटा फिरवला आणि पातळसा पापुद्रा सोलून काढला. मग वाटी आणि भिंग दोन्ही काकांपुढे धरलं.

काकांनी पाहिलं. वरचा पापुद्रा तांब्याच्या रंगाच्या मेणाचा. त्याखाली जेलीचा थर, काळपट लाल रंगवलेला. वाटी तापली की मेण वितळतं, जेली सुटते, वाटी पालथी केली की खाली येते. वाटी चिकटते तीही मंत्राने नाही. आतली तापलेली हवा निवली की कातडी वर ओढली जाते, बस्स. आणि कातडी कितीही ओढा, तिच्याखाली कवटीचं हाड आहे. हाडापलीकडचं रक्त वाटीने बाहेर येत असेल, तर घराच्या भिंतीला वाटी लावून शेजाऱ्याच्या माठातलं पाणी प्यायला हरकत नाही.

काकांनी खुर्चीचा दांडा धरला आणि लोकांना कोपरांनी बाजूला सारत निघाले.

इस्पितळात डॉक्टरीणबाई रागावल्या, पण एकाच वाक्यापुरत्या. मग म्हणाल्या, "अडीच तास घालवलेत. अजून वेळ आहे."

काकांनी खाली मान घालून पुन्हा खर्चाचं काढलं.

"महाग आहेच," त्या म्हणाल्या. "पण कशाच्या मानाने, ते बघा. गाठ तशीच राहिली आणि ते अंथरुणाला खिळले, तर आधी इस्पितळातले आठवडे, मग घरी वर्षानुवर्षं औषधं, आणि त्यांचं सगळं करायला कुणीतरी काम सोडून बसणार. हा खर्च आज कुणी आकड्यात सांगत नाही, म्हणून तो स्वस्त वाटतो. तो धरून हिशेब केला, तर अशा रुग्णाला हा इलाज पैशालाही परवडतो, असं दिसतंय."

"नक्की बरे होतील?" चिमटीने विचारलं.

"नक्की नाही सांगता येत, बाळा. गाठ खूप खोल असती तर मी हे सुचवलंही नसतं. यांची वरच्या बाजूला आहे. शक्यता चांगली आहे, धोकाही आहे."

इथे जरा थांबा, मुलांनो. एकाने हमखास गुण सांगितला आणि वाटीत बघू दिलं नाही. दुसरीने धोका सांगितला आणि स्कॅन समोर धरलं. जो आधी आत बघू देतो आणि कुठे चुकू शकतो तेही सांगतो, त्याच्यापाशी विद्या असण्याचा संभव असतो. जो बघू देत नाही, त्याच्यापाशी जेली असते. विचारल्याने कुणाचे डोळे जात नाहीत. न विचारल्याने माणसं जातात.

काकांनी सही केली. गाठ त्याच दुपारी निघाली.

दीड महिन्याने आजोबा भिंतीला धरून चालू लागले. शब्द परत आले, थोडे अडखळत. उजव्या हाताला अजून चिमटा धरवत नाही, तेव्हा तो चिमटी धरते आणि ते सांगतात.

वाटीबाबांनी गोदाम रातोरात सोडलं होतं. मग एका सकाळी शिंपी बातमी घेऊन आला. चार गल्ल्या पलीकडे, नव्या नावाने, त्याच वाट्या, तीच रांग.

चिमटीने काकांकडे एक लाकडी डोकं मागितलं. काका म्हणाले, "जड आहे, मी आणतो." दोघं तिथे पोचली, तेव्हा रांगेत सगळ्यांच्या मागे त्या दिवशी खेकसलेल्याच बाई उभ्या होत्या, डोक्याला पट्टी बांधून. चिमटीला बघून त्यांनी मान वळवली. ती त्यांच्यापाशी गेली, खिशातून भिंग काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"काकू," ती म्हणाली, "आधी वाटीत बघा. मग डोकं पुढे करा."